आधी धूळ ओळखू

पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलसंशोधन केंद्राचे संस्थापक जयंत नारळीकर यांना विश्वाच्या उगमाचा महास्फोट सिद्धांत मान्य नव्हता. आकाशाच्या सर्व दिशांनी येणारे २.७२५ केल्विनचे सूक्ष्मलहरी पार्श्वप्रारण बहुतेकांच्या मते महास्फोटाचा अवशेष. नारळीकर आणि त्यांचे सहकारी म्हणत, हा ताऱ्यांचाच प्रकाश, अंतराळातल्या धुळीने शोषून पुन्हा सोडलेला. त्याच आयुकात खगोलशास्त्रज्ञ तरुण सौरदीप आणि सहकाऱ्यांनी या प्रारणावरची धूळ झाडण्याचे काम वर्षानुवर्षे केले. दोन्ही गोष्टी एका छपराखाली नांदल्या, याचे मला फार अप्रूप वाटते.

प्रारणातले चढउतार लाखात एक भाग इतके बारीक. त्यात आपल्या आकाशगंगेतले वेगवान इलेक्ट्रॉन, तप्त वायू आणि थंड धूळ आपापली भर घालतात. सुटका होते ती त्यांच्या वेगवेगळ्या स्वभावामुळे. कंप्रता वाढेल तसा इलेक्ट्रॉनांचा उपद्रव ओसरतो, धुळीचा चढतो. पार्श्वप्रारण मात्र, तापमानाच्या एककात मोजले तर, सगळीकडे सारखेच. म्हणून डब्ल्यूमॅप उपग्रहाने पाच आणि प्लँकने नऊ कंप्रतापट्ट्यांत आकाश टिपले. या नकाशांना असे भार द्यायचे, की भारांची बेरीज १ राहील आणि एकत्रित नकाशातला चढउतार किमान होईल.

२००६ साली राजीब साहा, पंकज जैन आणि सौरदीप यांनी धुळीचे कोणतेही तयार प्रतिमान न घेता डब्ल्यूमॅपच्या निरीक्षणांवर हा मार्ग चालवून दाखवला. उपकरणांचा गोंगाट हिशेबात शिरू नये म्हणून त्यांनी वेगवेगळ्या संवेदकांचे नकाशे एकमेकांशी ताडले. यात एक मेख आहे, आणि ती पाठ्यपुस्तकांत फार उशिरा येते: योगायोगाने धुळीशी जुळलेला खरा संकेतही थोडा पुसला जातो.

धुळीला कमी लेखल्यावर काय होते, ते २०१४ मध्ये जगाने पाहिले. ‘बायसेप-२’ दुर्बिणीने दक्षिण ध्रुवावरून, १५० गिगाहर्ट्झ या एकाच कंप्रतेवर, पार्श्वप्रारणात आदिम गुरुत्वीय लहरींचा ठसा सापडल्याचे जाहीर केले. पुढच्याच वर्षी प्लँकसोबत केलेल्या विश्लेषणात धूळ वजा झाली आणि दाव्याला पुरेसा पुरावा उरला नाही.

या विषयासाठी दुर्बीण लागत नाही. प्लँकचे नकाशे कुहीसारख्या गावातल्या विद्यार्थ्यालाही फुकट उतरवून घेता येतात. ३५३ आणि १४३ गिगाहर्ट्झचे दोन घ्या, एकातून दुसरा वजा करा. पार्श्वप्रारण जवळजवळ नाहीसे होईल, धूळ तेवढी उरेल. ती नीट पाहा, मगच पाठ्यपुस्तकाचे पहिले प्रकरण उघडा.