शब्दवेध : नाताळ

रायगड जिल्ह्यातल्या पालीत बल्लाळेश्वर गणपतीकडे जाणाऱ्या वाटेवर डिसेंबरात पेढे-नारळांशेजारी लाल टोप्या टांगलेल्या दिसल्या. ‘आजोबा, हा सांता कुठला हो?’ एका पोराने विचारलं. ‘इंग्रजांचा,’ आजोबा मोकळे झाले. चूक! संत निकोलस हे चौथ्या शतकातले मायराचे बिशप, ग्रीक. मायरा आज तुर्कस्तानात आहे. डचांनी त्यांना ‘सिंटरक्लास’ म्हटलं, अमेरिकेत त्याचा सांताक्लॉज झाला.

‘नाताळ’ही इंग्रजांचा नव्हेच. तो पोर्तुगीज ‘नाताल’, मूळ लॅटिन ‘नातालिस’, म्हणजे जन्माचा. पोर्तुगीज इथून लांब नव्हते. १७४०पर्यंत चौल-रेवदंडा त्यांच्याकडेच होतं. गंमत म्हणजे हा शब्द आणि संस्कृत ‘जन्’ धातू एकाच मुळाचे. तेव्हा पालीचा माघी गणेशजन्म आणि नाताळ शब्दापुरते तरी भाऊबंद!

आणि जन्म ज्याचा, तो? निळ्या डोळ्यांचा येशू युरोपी चित्रकारांनी रंगवला. खरा येशू ज्यू, हिब्रूत येशुआ. ज्यू म्हणजे गोरे परदेशीच, असं निदान रायगडकरांनी तरी म्हणू नये. पूर्वी शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवणारे, घरात मराठी बोलणारे ‘शनवार तेली’, म्हणजेच बेने इस्रायल ज्यू, याच जिल्ह्यातले.