आंबा घाटातला खरा आरोपी

रत्नागिरीहून साखरप्यामार्गे आंबा घाट चढून कोल्हापूर गाठायचं, तर फियाट-अ‍ॅम्बेसेडरच्या जमान्यात डिकीत पाण्याचा कॅन लागेच. घाटात बॉनेट उघडून उभी असलेली गाडी इतकी नेहमीची, की दोष चढणीला देऊन सगळे मोकळे होत. मला तो पटत नाही. कुर्ल्यात बनणारी फियाट ११००, म्हणजे पुढची प्रीमियर पद्मिनी, मूळची तुरीनची. तिथून जवळच्या माँ सेनी खिंडीची उंची २००० मीटरच्या वर आहे. आंबा घाट तिच्या निम्माही नाही. ‘तिथली हवा थंड, आपला मे महिना कुठे’, हा आक्षेप रास्त आहे. रेडिएटर उष्णता टाकतो ती पाणी आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर. पाणी ९० अंश आणि हवा १५ असेल, तर फरक ७५. हवा ३५ झाली की ५५. सुमारे पाव ताकद गेली. पण तेवढी घट धड रेडिएटर निभावून नेतो. निम्मा तुंबलेला नेत नाही.

आणि तो तुंबे पाण्यामुळेच. जांभ्यातल्या विहिरींचं पाणी मऊ, बरेचदा किंचित आम्लधर्मी. ते बिडाच्या ब्लॉकला गंज चढवतं. घाटमाथ्यावरच्या काळ्या कातळातलं पाणी त्या मानाने जड, त्याचे क्षार नळ्यांत बसतात. खाडीकाठच्या खाऱ्या विहिरींचं तर विचारूच नये. वर-खाली करणाऱ्या गाडीच्या पोटात ही सगळी पाणी जात. दर कॅनबरोबर नवे क्षार, नवा ऑक्सिजन. उपायच रोग वाढवी. शिवाय गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅटच काढून टाकायची गॅरेजांची रीत. मग सपाटीवर इंजिन थंड राही आणि तुंबलेला रेडिएटर घाट लागेपर्यंत लपून राही. (बॉनेट उघडलेली प्रत्येक गाडी उकळलेली नसे, हेही खरं. पेट्रोलच्या पंपाला ओलं फडकं गुंडाळणाऱ्याचं दुखणं वेगळं: नळीत पेट्रोलचीच वाफ झालेली.)

‘कूलंट परवडत कोणाला होतं?’ असं कोणी विचारील. पण वर्षातून एकदा रेडिएटर उलट्या धारेने धुणं, सैल बेल्ट ताणणं, फुगलेला होज बदलणं, यांना फारसा खर्च नव्हता. झाकणाचं रबर तर किरकोळ वस्तू. पण दर चौरस इंचाला एक पौंड दाब टिकला, तर पाणी सुमारे दीड अंश उशिरा उकळतं. रबर चिरलं की ही सवलत संपली. जाणत्या ड्रायव्हरांनी एक गोष्ट मात्र अचूक हेरली होती: गाडी कुंथायच्या आत गिअर खाली घ्यायचा. पंखा आणि पाण्याचा पंप दोन्ही इंजिनाच्या बेल्टवर. वरच्या गिअरमध्ये रेटलं, तर भार जास्त आणि वारा-पाणी कमी. १९८३ साली आलेल्या मारुती ८००चा पंखा विजेवर चाले, त्याला इंजिनाच्या फेऱ्यांची गरज नव्हती. पंप तिचाही बेल्टवरच होता, त्यामुळे तो जुना सल्ला तिच्या ड्रायव्हरलाही लागूच राहिला.