चाळीस किलोंच्या पोरीने खेळायचं कुठे?

मनमाडच्या आकांक्षा व्यवहारेने जून 2022 मध्ये मेक्सिकोतल्या लिओनला युवा जागतिक वेटलिफ्टिंग स्पर्धेत 127 किलो उचलून रौप्यपदक आणलं. पदकाचं कौतुक झालंच. मला बोलायचंय ते तिच्या गटाबद्दल. तो होता 40 किलोंचा.

1896 च्या अथेन्स ऑलिंपिकला वेटलिफ्टिंगमध्ये वजनगट नव्हतेच. सगळे एकाच रांगेत, त्यामुळे अंगाने थोराड असेल त्याचं फावायचं. 1920 साली अँटवर्पला पाच गट केले, तेव्हा कुठे हलक्या खेळाडूला पदकाची आशा लागली. बायकांना तर ऑलिंपिकमध्ये यायला 2000 साल उजाडलं. त्याच सिडनीत कर्णम मल्लेश्वरीने 69 किलो गटात कांस्य जिंकलं. मुला-मुलींची युवा जागतिक स्पर्धा त्याहून नवी, 2009 पासूनची.

आता जून 2025 पासून आंतरराष्ट्रीय महासंघाने गट बदललेत. युवा मुलींचा सर्वांत हलका गट झाला 44 किलोंचा. म्हणजे 40 किलोंच्या पोरीने चार किलो जास्त वजनाच्या मुलींशी झुंजायचं. मोठ्यांना चार किलो किरकोळ वाटतील, तेरा-चौदा वर्षांच्या पोरीला नाही.

महासंघापुढे आपलं काही चालणार नाही, मान्य. पण तालुक्याच्या, जिल्ह्याच्या सुरुवातीच्या स्पर्धा आपलीच माणसं भरवतात. तिथं 40 चा गट ठेवायला काय हरकत आहे? पोरगी खेळात टिकणार की घरी बसणार, हे तिथंच ठरतं. व्यायामशाळावाल्यांनो, क्रीडाशिक्षकांनो, तुमचं मत सांगा.