कुंपणापासून कुंडीपर्यंत

फाल्गुन लागला की टिळकवाडीतल्या ज्या थोड्या आवारांत अजून माती उरली आहे, तेथे प्रथम चौकशी होते ती आंब्याच्या मोहोराची. आमच्या घरी मात्र गेली दोन वर्षे सकाळी उठून पाहण्याची जागा निराळी आहे. पूर्वेकडच्या भिंतीलगत दगडमातीचा हातभर उंच, उतरता वाफा आहे आणि त्यात लहानमोठे सतरा निवडुंग आहेत. ते मूळचे आमचे नव्हेत. शेजारचा जुना कौलारू बंगला पाडून तेथे सदनिका उभ्या राहावयाच्या ठरल्या, तेव्हा त्या घरच्या वृद्ध काकूंनी ते आमच्या स्वाधीन केले. मुलाकडे पुण्याला निघताना त्या म्हणाल्या, "तुळस मी बरोबर नेते, पण ह्या काटेरी मंडळींना गाडीत कोण घेणार? तुम्हीच सांभाळा. आणि तो मोठा गोल कधी फुलला, तर तेवढे कळवा हो."

ही मंडळी घरी आल्यापासून आमच्याकडे येणारा जवळजवळ प्रत्येक जण एक प्रश्न विचारतो : "हे कसले परक्या मुलखातले झाड लावून बसलात? आपल्याकडची फुले थोडी आहेत का?" प्रश्न साधा आहे, पण सीमाभागात राहणाऱ्या आम्हा लोकांना 'आपले' आणि 'परके' हे शब्द इतक्या सहजपणे ऐकून सोडून देता येत नाहीत. म्हणून या झाडाचे कूळ शोधावे असे वाटले. जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम नावाचा घोळ निस्तरला पाहिजे. मराठीत निवडुंग हे नाव आपण दोन अगदी भिन्न कुळांना देतो. तिधारी निवडुंग, साबर, शेर ही मंडळी एरंडाच्या कुळातली. त्यांचे खोड मोडले की पांढरा चीक वाहतो. यांतले कित्येक या भूमीत फार जुने आहेत. फड्या निवडुंग मात्र वेगळ्या कुळातला. त्याला चीक नाही, आतला रस पाण्यासारखा असतो. आणि त्याचे काटे गादीसारख्या एका बारीक ठिपक्यातून झुबक्याने निघतात. हा ठिपका ही त्या कुळाची खूण. जेथे तो आहे, तेच खरे कॅक्टस. एखाददुसरा अपवाद सोडला, तर हे सारे कूळ अमेरिका खंडातले. म्हणजे १४९२ पूर्वी आपल्या कोणाही पूर्वजाने फड्या निवडुंग पाहिलेला असणे शक्य नाही. लिनियसने १७५३ साली 'कॅक्टस' हे नाव रूढ केले, तेही एका जुन्या ग्रीक काटेरी झाडाच्या नावावरून उसने घेऊन. आमचे कानडी शेजारी याला पापासकळ्ळी म्हणतात. कळ्ळी म्हणजे निवडुंग आणि पापास म्हणजे आपला पायपोस. फड्याचा आकार वहाणेच्या तळव्यासारखा, म्हणून हे नाव. मराठीला त्याच फड्यात नागाचा फणा दिसला. एकाच कुंपणाकडे दोन्ही बाजूंनी पाहणाऱ्यांनी एकाच पाहुण्याला आपापल्या नजरेने नाव दिले, याचे आम्हाला कौतुक वाटते.

पुण्यात नाना पेठेत निवडुंग्या विठोबाचे मंदिर आहे. मूर्ती निवडुंगाच्या बनात सापडली अशी त्याची आख्यायिका. तुकोबांची पालखी पंढरीच्या वाटेवर पुण्यात तेथेच मुक्कामास असते. तो निवडुंग चिकाचा असो वा फड्याचा, मराठी मनाने त्या काटेरी बनात देव पाहिला, एवढे खरे.

आता हा पाहुणा वाढला कसा, ते पाहू. त्याच्यामागे फुलांची हौस नव्हती, लाल रंगाचा लोभ होता. मेक्सिकोत फड्या निवडुंगावर एक बारीक किडा पोसतात. तो वाळवून त्यापासून गडद किरमिजी रंग काढतात. एक पौंड रंगद्रव्याला सुमारे सत्तर हजार किडे लागतात, असे म्हणतात. स्पेनने या रंगाचा मक्ता अडीचशेहून अधिक वर्षे आपल्या हाती ठेवला होता, आणि इंग्रज अधिकाऱ्यांचे लालभडक डगलेही त्याच रंगात रंगत. साहजिकच कंपनी सरकारला हा किडा हिंदुस्थानात हवा होता. मद्रासचे शल्यवैद्य जेम्स अँडरसन यांनी १७८६ पासून त्यासाठी पत्रव्यवहार चालविला आणि निवडुंगाच्या बागाही लावविल्या. १७९५ साली कॅप्टन नील्सन या गृहस्थांनी ब्राझीलमधल्या रिओ द जानेरोहून किडे कलकत्त्यास आणले. पण आणले ते भलतेच. ती निघाली रानटी जात. तिचा रंग हलका आणि भूक मात्र दांडगी. रंगाचा व्यापार काही उभा राहिला नाही. पुढे १८५६ पासून कृत्रिम रंग निघू लागले आणि सर्वच नैसर्गिक रंगांच्या व्यापाराला ओहोटी लागली.

लोभ विरला, झाड उरले. निवडुंगाला कुंपण म्हणून लावणे सोपे होते. फडा मोडून जमिनीवर टाकला की रुजतो, पाणी नको, राखण नको, गुरे तोंड लावीत नाहीत. काटेरी कुंपणाचा उपयोग युद्धातही ठाऊक होता. १७९२ साली श्रीरंगपट्टणास वेढा पडला, तेव्हा इंग्रजी फौजेला आधी टिपूने राखलेल्या दाट काटेरी वेढ्यातून वाट काढावी लागली होती. त्या मोहिमेत हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन मराठ्यांच्या फौजा घेऊन सामील होते. आमच्या वाचकांपैकी अनेकांची घराणी याच पटवर्धनांच्या आश्रयाने या मुलखात स्थिरावली. टिळकवाडीला लागून असलेले शहापूर १९४८ पर्यंत सांगली संस्थानाच्या ताब्यात होते, हे नव्या पिढीला सांगावे लागते.

निवडुंगाची ही विनाकष्टाची वाढच पुढे संकट ठरली. पक्ष्यांनी लाल बोंडे खावीत आणि बिया दूरवर टाकाव्यात, पुराने फडे वाहून न्यावेत; दख्खनमध्ये आणि दक्षिणेत पडीक जमिनी, गायराने, ओढ्यांचे काठ या झाडाने गिळले. गावाभोवतीच्या निवडुंगात साप, उंदीर आणि घाण यांची वस्ती झाली. ते साफ करावे तर तोडलेला प्रत्येक तुकडा पुन्हा उगवे. कलकत्त्याच्या त्या रानटी किड्याने एका जातीचा निवडुंग उत्तरेत जवळजवळ संपविला होता. ते पाहून १८३६ ते १८३८ च्या सुमारास तो मुद्दाम दक्षिणेत आणून सोडण्यात आला. किड्याकरवी तण मारण्याचा हा जगातला पहिला प्रयोग मानतात. पण दक्षिणेत माजलेल्या इतर जातींना तो किडा शिवला नाही. अखेर १९२६ साली त्याचा दुसरा भाऊबंद सिलोनमधून दक्षिण हिंदुस्थानात आणला गेला आणि पाचसहा वर्षांत मोठमोठी बने पांढऱ्या कापसासारख्या बुरशीने माखून कोसळली. ती बुरशी नव्हती. किड्याच्या अंगावरचे ते मेण होते. बोट लावताच खाली तोच किरमिजी रंग निघे, ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप दीडशे वर्षांपूर्वी झाला होता.

ऑस्ट्रेलियाची कथाही अशीच आहे. तेथे १७८८ साली पहिल्या इंग्रज वसाहतकऱ्यांबरोबर निवडुंग रंगासाठीच गेला आणि पुढे कोट्यवधी एकर जमीन त्याने व्यापली. १९२५ नंतर अर्जेंटिनाहून आणलेल्या एका पतंगाच्या अळीने ती सोडविली. कृतज्ञ शेतकऱ्यांनी १९३६ साली क्वीन्सलंडमधल्या बूनार्गा येथे त्या पतंगाच्या नावाने सभागृह बांधले. आपल्याकडे असे स्मारक झाले नाही. आपल्याला आठवण ठेवण्याची सवय कमी. आणि कुंपणाची आठवण तर कोण ठेवतो?

या इतिहासात निवडुंगाचा दोष किती, हे वाचकांनीच ठरवावे. तो स्वतःहून आला नाही. ज्यांनी आणला त्यांना त्याची गरज नव्हती, त्याच्या अंगावरच्या किड्याची होती. गरज संपताच त्याला बेवारशी सोडले, आणि बेवारशी जीव जसा वाढतो तसा तो वाढला. आता पाहुण्यांच्या प्रश्नाकडे वळू. अमेरिकेतून आलेले ते परके, असे म्हणावयाचे, तर निपाणीची तंबाखू कोठली? संकेश्वरी मिरची कोठली? बेळगावच्या तांबड्या मातीतला बटाटा आणि एकादशीचे रताळे कोठले? दसऱ्याच्या तोरणातला झेंडू कोठला? ही सारी त्याच खंडातली लेकरे. त्यांना कोणी परके म्हणत नाही, कारण पिढ्यान्‌पिढ्या कोणी तरी त्यांना पाणी घातले, खुरपले, बियाणे राखले. आपलेपणा जन्मस्थानावरून ठरत नाही, सांभाळण्यावरून ठरतो, असे आम्हाला वाटते. १९५६ साली नकाशावरची रेषा आमच्या डोक्यावरून गेली. आम्ही जेथे होतो तेथेच राहिलो, आणि तरी आम्हाला 'मूळचे कोठले?' असे विचारणारे भेटतातच. त्यांना द्यावयाचे उत्तरही याहून वेगळे नाही.

सांभाळणे म्हणजे काय, हे मात्र या वाफ्याने आम्हाला हाताने शिकविले. बेळगावचा पाऊस पन्नास इंचांच्या घरातला. अथणीकडे गेले तर तो निम्म्याहूनही कमी होतो. वाळवंटातली ही झाडे अथणीत उघड्यावर सुखाने राहतील, पण टिळकवाडीत मृग ते हस्त हा त्यांचा वनवास. पहिल्या वर्षी आम्ही वाफा सपाट केला आणि त्यात शेणखत भरपूर घातले. श्रावण सरता सरता सतरापैकी तीन बुंध्याशी मऊ पडून गेले. काकूंना ते कळवावयास आठ दिवस धीर झाला नाही. त्यांनी मात्र दूरध्वनीवर शांतपणे सांगितले की त्यांचेही पहिल्या वर्षी पाच गेले होते. मग वाफा उतरता केला. एक भाग तांबडी माती, दोन भाग जाड वाळू आणि विटांचे तुकडे असे मिश्रण भरले. मृगाआधी वर पन्हळी पत्रा तिरका टाकला, बाजू वाऱ्याला उघड्या ठेवल्या. गेलेल्यांच्या जागी उरलेल्यांचीच पिले लावून सतरा ही संख्या पुरी केली.

फुलण्याचे गमक मात्र पाण्यात नसून पाणी तोडण्यात आहे. दिवाळीनंतर पाणी जवळजवळ बंद करावयाचे. मार्गशीर्ष-पौषातली टिळकवाडीची थंडी आणि कोरडी हवा यांत झाड आखडते, सुरकुतते, मेल्यासारखे दिसते. नवख्याचा हात येथे झारीकडे जातो आणि घात होतो. हे झाड दिवसा आपली छिद्रे मिटून घेते आणि रात्रीच्या गारव्यात ती उघडून हवा घेते, म्हणूनच ते पाण्याचा थेंब थेंब राखू शकते. या विश्रांतीतच कळ्यांची तयारी होते. माघात ऊन तापू लागले की थोडे पाणी द्यावे. होळीच्या सुमारास मॅमिलेरियाच्या माथ्यावर गुलाबी फुलांचे कडे उमटते. पाडव्यापर्यंत फड्या निवडुंगाची पिवळी फुले येतात, एक-दोन दिवसांत कोमेजून नारिंगी होतात. वळवाच्या सरी येण्याआधी हा सोहळा बहुधा आटोपलेला असतो.

गंमत अशी की ज्या घरांत 'निवडुंग दारात नको' म्हणतात, त्याच घरांत ब्रह्मकमळाची कुंडी असते आणि ते पावसाळी रात्री उमलले की शेजाऱ्यांना बोलावून त्याची आरती होते. हे आपले ब्रह्मकमळ म्हणजे मेक्सिको-मध्य अमेरिकेतल्या जंगलातला निवडुंगच. हिमालयातले ब्रह्मकमळ वेगळे, ते सूर्यफुलाच्या कुळातले. जंगलातला असल्यामुळे या निवडुंगाला आपला पाऊस मानवतो, एवढाच फरक. एका भावाला आपण देव्हाऱ्याशी नेले, दुसऱ्याला कुंपणावर ठेवले.

अलीकडे दुष्काळी भागांत गुरांच्या चाऱ्यासाठी बिनकाट्याचा निवडुंग लावण्याचे प्रयत्न चालू आहेत. ते स्वागतार्ह आहेत. पण लावणाऱ्यांनी वर सांगितलेला इतिहास वाचावा. दक्षिणेत उपकारकर्ता ठरलेला तोच किडा २०१४ पासून मोरोक्कोत निवडुंगाच्या शेतांचा काळ झाला आहे. तेथे निवडुंग हे गरिबाचे पीक आहे. झाड शत्रू की मित्र, किडा तारक की मारक, हे त्या त्या ठिकाणच्या माणसाने त्याच्याशी कसे नाते ठेवले यावर ठरते.

काकूंचा मोठा गोल, ज्याला सोनेरी पिंप म्हणतात, तो अजून फुललेला नाही. त्याला पहिले फूल यावयास पंधरा-वीस वर्षेही लागतात, आणि जागा बदलली की त्याची मुळे पुन्हा स्थिर व्हावयास वेळ घेतात. यंदा त्याच्या माथ्यावरची लोकर थोडी दाट दिसते. ती कळ्यांची चाहूल की आमच्या डोळ्यांचा भास, ते चैत्रात कळेल. शेजारी तिसरा मजला चढतो आहे. पुढच्या वर्षी त्याची सावली सकाळी नऊपर्यंत वाफ्यावर येईल, तेव्हा वाफा चार हात पुढे सरकवावा लागेल. ते आम्ही करू. पुण्याहून दर रविवारी दूरध्वनी येतो आणि प्रकृतीच्या चौकशीआधी एकच प्रश्न येतो : "फुलला का हो?" आम्ही सांगतो, "अजून नाही, काकू. पण बरा आहे."