वर्तनाविचार

चित्रांत छाया देऊन गोलाई दाखविण्याची कला मोगल दरबारांत युरोपांतून आली, असें एक मत रूढ आहे. इ. स. १५८० मध्यें जेझुइट पाद्री फत्तेपूर शिक्रीस आले व त्यांनीं सचित्र बायबल अकबरास नजर केलें, हा त्याचा मुख्य आधार. आम्हीही शाळेंत पुष्कळ वर्षें हेंच शिकविलें. तें चुकीचें होतें, हें येथें प्रांजळपणें नमूद करतों.

विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तृतीय खंडांतील चित्रसूत्रांत 'वर्तना' सांगितली आहे. हा शब्द वृत् धातूपासून झाला असून, सपाट पृष्ठभागावर अंगाची गोलाई भासविणें हा तिचा हेतु होय. तिचे प्रकार तीन : पानाच्या आकृतीच्या रेषांनीं केलेली ती पत्रजा, अतिसूक्ष्म ती आहैरिका व ठिपक्यांनीं केलेली ती बिंदुजा.

रेषा आणि ठिपकेच कां, हें केवळ कोश चाळून उमगत नाहीं. त्यासाठीं कुंचलाच हातीं धरावा लागतो. डिंकांत कालविलेला रंग कागदावर त्वरित सुकतो. दोन छटा ओल्या असतां एकमेकींत मिसळण्यास अवधि मिळत नाहीं. त्यावर पुन्हा पाणी फिरवावें, तर खालचा थर विरघळतो. म्हणून लघुचित्रकार खारीच्या केसांच्या कुंचल्यानें, जवळजवळ कोरड्या रंगाच्या बारीक रेघा व ठिपके देतो. छटांचें मीलन कागदावर न होतां पाहणाराच्या डोळ्यांत होतें. यासच ते कारागीर 'परदाज' म्हणतात. आज अ‍ॅक्रिलिक रंगांनीं लघुचित्रें काढणारांसही हाच अनुभव येतो. तो रंगही लवकर सुकतो. मात्र सुकल्यावर पाण्यानें विरघळत नाहीं. त्यामुळें पातळ थरावर थर निर्धास्तपणें चढवितां येतो. द्रव्य बदललें, तरी हाताची रीत पालटली नाहीं.

युरोपाचें ऋण मुळींच नाहीं, असें मात्र आमचें म्हणणें नाहीं. एका दिशेनें येणारा प्रकाश व दूरत्वाचा भास हे विशेष बसावनासारख्या चितार्‍यांनीं पाश्चात्त्य चित्रें पाहून आत्मसात केले, हें मान्य करावेंच लागतें. परंतु अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यांतील पद्मपाणीच्या मुखावरील छाया त्या पाद्र्यांच्या आगमनापूर्वीं सुमारें हजार वर्षांची आहे. तात्पर्य, प्रकाशाची दिशा बाहेरून आली, वर्तना येथलीच. हा भेद पाठ्यपुस्तकांत स्पष्ट व्हावा, इतकेंच आमचें मागणें आहे.