राणी, क्वीन आणि स्वामिनी

मटिल्डाची मराठीत ओळख करून द्यायची म्हटलं की ‘राणी मटिल्डा’ असं चटकन तोंडात येतं. शेरॉन के पेनमनपासून एलिझाबेथ चॅडविकपर्यंत अनेकींनी तिच्यावर कादंबऱ्या लिहिल्या आहेत. पण ही बाई इंग्लंडची राणी कधीच झाली नाही. चॅडविकने हे नेमकं हेरलं आणि 2011 च्या आपल्या कादंबरीला ‘लेडी ऑफ द इंग्लिश’ असं नाव दिलं.

थोडा इतिहास सांगायला हवा. इंग्लंडचा राजा पहिला हेन्री याचा एकुलता औरस मुलगा 1120 मध्ये ‘व्हाइट शिप’ जहाजासोबत बुडाला. मग हेन्रीने सरदारांकडून आपल्या मुलीच्या, म्हणजे मटिल्डाच्या, वारसाहक्कासाठी शपथा घेतल्या. 1135 च्या डिसेंबरमध्ये तो वारला आणि तो महिना संपायच्या आत स्टीफनने राज्याभिषेक करून घेतला. स्टीफन हा मटिल्डाचा आतेभाऊ. त्याच्या बायकोचं नावही मटिल्डाच, आणि ती हिची सख्खी मावसबहीण! इंग्रजी दोघांनाही ‘कझिन’ म्हणून मोकळी होते. या काळाला इंग्रज इतिहासकारांनी ‘अनार्की’ हे नाव दिलं. त्याचं सरळ मराठी ‘अराजक’, म्हणजे राजा नसण्याची अवस्था. इथे तर अभिषिक्त राजा होता आणि वर दुसरी हक्कदारही होती. आपला ‘यादवी’ हा शब्द इथे जास्त चपखल बसतो, कारण आपसांत लढून संपलेल्या यादवांची आठवण त्यात आहे.

आता शब्दांकडे वळू. राणी आली संस्कृत ‘राज्ञी’वरून, ते ‘राजन्’चं स्त्रीरूप. लॅटिनमधली ‘रेजिना’ याच कुळातली, तीही राजावाचक ‘रेक्स’वरून बनलेली. क्वीनचं घराणं मात्र निराळं. जुन्या इंग्रजीत ‘क्वेन’ म्हणजे स्त्री, पत्नी, आणि मग राजाची पत्नी. ग्रीक ‘गुने’, फारसी ‘जन’ आणि वेदांतली ‘ग्ना’ व ‘जनि’ ही तिची भावंडं. (या ‘जनि’ची ‘जननी’शी गल्लत करू नये, तिचा धातू वेगळा मानतात.) फारसीतला तो ‘जन’ आपल्याकडे ‘जनाना’ आणि ‘जनानखाना’ होऊन नांदतोय. म्हणजे क्वीन आणि जनाना दूरच्या नात्याने एकाच घरातले! क्वीन या शब्दाच्या मुळाशी बायकोपण आहे, सत्ता नाही. स्टीफनची मटिल्डा या अर्थाने अस्सल क्वीन होती. नवरा कैदेत पडल्यावर तिने फौज उभी केली, ती नवऱ्याच्या मुकुटासाठी. आपली मटिल्डा मुकुट मागत होती तो स्वतःसाठी, बापाची लेक म्हणून. तिच्यासाठी भाषेत तयार शब्दच नव्हता.

1141 च्या फेब्रुवारीत लिंकनच्या लढाईत स्टीफन पकडला गेला. एप्रिलमध्ये विंचेस्टरला जमलेल्या धर्मगुरूंनी मटिल्डाला मान्यता दिली आणि तिने बिरुद घेतलं ‘डॉमिना अँग्लोरम’, इंग्रजांची स्वामिनी. राज्याभिषेक होईपर्यंत वापरायचं हे पद. अभिषेक झालाच नाही. जूनमध्ये लंडनकरांनी बंड केलं आणि तिला वेस्टमिन्स्टरहून पळ काढावा लागला.

तिची त्या काळातली सनद पाहावी. मजकुरात ती आधी सम्राज्ञी, मग हेन्री राजाची कन्या, आणि शेवटी इंग्रजांची स्वामिनी. सम्राज्ञी ती पहिल्या नवऱ्यामुळे, पवित्र रोमन सम्राट पाचव्या हेन्रीमुळे. दुसरा नवरा, आंजूचा जेफ्री, या यादीत नाहीच. खाली मोहोर जर्मनीतली जुनीच, आणि तिच्यावर ‘रेजिना’ हा शब्द कोरलेला आहे, पण रोमनांची रेजिना! इंग्रजांचं राणीपण तिला मोहरेवरही मिळालं नाही. कादंबरीकारांना ही बाई का खुणावते, ते त्या एका मोहरेवरून मला पुरेपूर समजतं.

‘डॉमिना’ येते ‘डोमुस’ म्हणजे घर यावरून. वेदांतला ‘दम’ म्हणजेही घर, आणि आपल्या ‘दंपती’त तो अजून टिकून आहे, दंपती मुळात घराचा धनी. इंग्रजी ‘लेडी’ही घरातलीच. जुन्या इंग्रजीत ती ‘ह्लॅफदिये’, पावाची कणीक मळणारी. त्यातल्या ‘मळणे’ या अर्थाच्या धातूचा संस्कृत भाऊ ‘दिह्’, लिंपणे, ज्यावरून ‘देह’ आला. म्हणून लेडी हा शब्द दुबळा समजू नये. दहाव्या शतकात इंग्लंडमधल्या मर्शियावर राज्य करणाऱ्या एथेलफ्लॅडला तिची माणसं ‘मर्शियनांची लेडी’ म्हणत, आणि ती किल्ले बांधणारी, डेन लोकांशी लढणारी बाई होती.

मटिल्डाची कादंबरी मराठीत आणणाऱ्याला माझं एकच सांगणं: ‘राणी’ हा शब्द स्टीफनच्या बायकोसाठी राखून ठेवा. हिला 1141 च्या आधी सम्राज्ञी म्हणा, नंतर स्वामिनी म्हणा. 1154 मध्ये तिचा मुलगा दुसरा हेन्री गादीवर बसला, तेव्हाही तिने स्वतःला राणी म्हणवून घेतलं नाही.