मुस्लिम मतांची यादी

२०२४ साली रमजान ईद ११ एप्रिलला होती आणि बारामती लोकसभेचे मतदान ७ मेला. त्यामुळे प्रचाराची सुरुवात ऐन रोज्यांच्या महिन्यात झाली. मी तेव्हा एका उमेदवाराच्या प्रचारात ‘अल्पसंख्याक संपर्क’ पाहत होतो. बारामती आणि इंदापूर हे दोन तालुके माझ्याकडे होते. उमेदवार कोण होता, हा या लेखाचा विषय नाही. मतदान झाले आणि मी ते काम सोडले, राजकारणही सोडले. का सोडले, असे लोक अजून विचारतात. कारण एका यादीत आहे, आणि त्या यादीचा इतिहास शंभर वर्षांहून जुना आहे.

काम असे असायचे. बूथनिहाय मतदार यादी घ्यायची आणि मुस्लिम नावांपुढे खूण करायची. शेख, सय्यद, पठाण सोपे. मुलाणी, अत्तार, बागवान हेही सोपे. तांबोळी आला की थांबावे लागे, कारण तांबोळी दोन्हीकडे आहेत. इनामदार, देशमुख, पाटील यांचेही तेच. मग शेजारी वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव पाहायचे. अशी मोजणी झाली की त्या गावात मशिदीचे विश्वस्त कोण, इफ्तार कुठे ठेवायची, दर्ग्यावर चादर कधी चढवायची हे ठरे. उजनीच्या पाण्याचे किंवा उसाच्या बिलाचे विचारणारा शेख आमच्या फॉर्ममध्ये बसत नसे. त्याचा प्रश्न शेतकऱ्याचा होता आणि आमचा रकाना धर्माचा.

आता इतिहास. १ ऑक्टोबर १९०६ रोजी आगाखानांच्या नेतृत्वाखाली एक शिष्टमंडळ सिमल्याला व्हाइसरॉय मिंटोंना भेटले आणि मुसलमानांसाठी वेगळे प्रतिनिधित्व मागून आले. १९०९च्या कायद्याने ते मिळाले : मुसलमानांचे वेगळे मतदारसंघ, त्यात मत देणारे फक्त मुसलमान. १९१६च्या लखनौ करारात काँग्रेसनेही ते मान्य केले, आणि त्यामागे आपल्या पुण्याचे टिळक ठामपणे उभे होते. टिळकांवर लिहिणारे या गोष्टीपाशी फार थांबत नाहीत. १९३७च्या निवडणुकीत मुंबई विधानसभेच्या १७५ जागांपैकी २९ जागा मुस्लिम मतदारसंघांच्या होत्या. म्हणजे मताचा अधिकार असलेला इंदापूरचा मुलाणी आणि त्याच गल्लीतला मराठा शेतकरी वेगवेगळ्या यादीत होते, वेगवेगळ्या उमेदवारांना मत देत होते. त्या काळात मुलाण्याकडे मत मागायला हिंदू उमेदवार यायचे कारणच नव्हते.

ऑगस्ट १९४७मध्ये संविधान सभेने स्वतंत्र मतदारसंघ नाकारले. राखीव जागांची तरतूद मात्र काही काळ टिकून होती. मे १९४९मध्ये तीही गेली. तेव्हा बेगम ऐजाझ रसूल या मुस्लिम लीगमधून आलेल्या सदस्या स्वतःच आरक्षणाच्या विरोधात बोलल्या. त्याने अल्पसंख्याक बहुसंख्याकांपासून कायमचे तुटतील, असे त्यांचे म्हणणे होते. मला हा प्रसंग आपल्या शाळेच्या पुस्तकांत असायला हवा होता असे वाटते. पुढे संविधानाचे कलम ३२५ आले : प्रत्येक मतदारसंघासाठी एकच सर्वसाधारण यादी, धर्मावरून कोणालाही वेगळे काढायचे नाही.

ती एक केलेली यादी आम्ही प्रचार कार्यालयात बसून पेन्सिलीने पुन्हा दोन करत होतो. कायदा याला हात लावू शकत नाही. २ जानेवारी २०१७ला सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी निकाल दिला की मतदाराच्या धर्माच्या नावाने मत मागणे हाही भ्रष्ट आचार आहे. तो खटला मुंबईतल्या सांताक्रूझच्या १९९०च्या निवडणुकीतून निघालेला. पण निकाल आवाहनाबद्दल आहे. नुसत्या मोजणीबद्दल, इफ्तारीबद्दल, चादरीबद्दल त्यात काही नाही.

इंदापुरात चाँदशाहवली बाबांचा दर्गा आहे, आणि शिवरायांचे आजोबा मालोजीराजे यांची गढीही इंदापुरातच. मालोजीराजे इथल्याच लढाईत पडले असे परंपरा सांगते. त्यांना मूल होत नव्हते, नगरच्या शाह शरीफ दर्ग्याला नवस केला आणि मुले झाली, ही कथा बखरींतून आलेली आहे. मुलांची नावे ठेवली शहाजी आणि शरीफजी. पुढे भोसले लिहिलेले नसते, तर आम्ही या दोन नावांपुढेही खूण केली असती.